वाचकांचे प्रश्न : गॅरिंचा आणि उजवी बगल

गेल्या अंकात ब्राझीलच्या फुटबॉलमधल्या विंगरांविषयी, म्हणजे मैदानाच्या कडेनं (बगलेवरून) हल्ला चढवणाऱ्या खेळाडूंविषयी लिहिताना गॅरिंचाला मी जेमतेम दोन परिच्छेद दिले होते. त्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं सदर त्याच्यासाठीच ठेवते आहे. प्रश्न थोडे आवरून छापलेत, उत्तरं आवरलेली नाहीत. मी स्वतः उजव्या बगलेवर खेळले, आता मुलामुलींना तीच जागा शिकवते, त्यामुळे या माणसाविषयी मला बरंच बोलायचं असतं.

प्रश्न : ताई, गॅरिंचाचे पाय जन्मापासून वाकडे होते असं वाचलं. त्या वाकड्या पायांमुळेच त्याचं ड्रिबलिंग कुणाला कळायचं नाही, हे खरं आहे का?

पाय वाकडे होते, हे शंभर टक्के खरं. समोरून काढलेला कुठलाही फोटो बघा. डावा पाय बाहेरच्या बाजूला कमानीसारखा झुकलेला आणि उजवा आतल्या बाजूला. म्हणजे दोन्ही पाय एकाच दिशेला वळलेले. गुडघ्याखाली जोराचा वारा लागून दोन्ही पाय एका अंगाला कलले असावेत, असं दिसतं.

पण ड्रिबलिंगचं सगळं श्रेय पायांना द्यायला मी तयार नाही. पायांचं कौतुक करता करता आपण नकळत त्याच्या डोक्याचं श्रेय काढून घेतो. जणू त्यानं काही केलंच नाही, निसर्गानं एक चमत्कार घडवला आणि तो आपोआप बचावपटूंना चुकवत राहिला! वाकडे पाय असलेली मुलं त्या काळात गरीब वस्त्यांमध्ये कमी नव्हती. गॅरिंचा एकच झाला.

त्याचं खरं नाव मनुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म 28 ऑक्टोबर 1933 चा, रिओ द जानेरो राज्यात माजेजवळच्या पाउ ग्रांदे या गावी. हे गाव म्हणजे कापडगिरणीचं गाव. गिरणी अमेरिका फाब्रिल या कंपनीची. घरं गिरणीची, मैदान गिरणीचं आणि फुटबॉलचा संघही गिरणीचाच. चौदाव्या वर्षी मनुएल तिथे कामाला लागला. कामात त्याचं लक्ष नसायचं, पण गिरणीच्या संघाला तो हवा असायचा, आणि नोकरी टिकायला तेवढं पुरत होतं. शिकवायला प्रशिक्षक नाही, आहार बघायला कुणी नाही. मोठ्या माणसांच्या अंगावर चेंडू घेऊन जायचं आणि निसटायचं, हेच त्याचं शिक्षण. वर्षानुवर्षं.

1953 मध्ये तो बोटाफोगो क्लबमध्ये चाचणीला आला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याला अडवायला समोर उभा होता निल्तन सांतोस. हा साधासुधा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, नव्हे. ब्राझीलच्या राष्ट्रीय संघातला, पुढे जगातल्या सर्वोत्तम लेफ्ट बॅकमध्ये गणला गेलेला खेळाडू. गॅरिंचा त्याला चकवून पुढे गेला. कसा, याचे किस्से सांगणारागणिक बदलतात. पण चाचणी संपल्यावर या पोराला घ्याच, असा आग्रह खुद्द निल्तन सांतोसनंच धरला, हे सगळेच सांगतात. याच्याविरुद्ध खेळण्यापेक्षा याच्या संघातून खेळलेलं बरं, हे त्या मोठ्या खेळाडूनं त्या एका दुपारीच ओळखलं. त्याच वर्षी 19 जुलैला बोन्सुसेसोविरुद्ध गॅरिंचानं क्लबसाठी पहिला अधिकृत सामना खेळला आणि 3 गोल केले.

प्रश्न : त्याच्याकडे एकच चाल होती म्हणतात. डावीकडे जायचं दाखवायचं आणि उजवीकडून निघायचं. सगळ्या जगाला हे माहीत होतं, तर त्याला थांबवता का येत नव्हतं?

या पत्राबद्दल मनापासून आभार. मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याच प्रश्नावर.

आधी ती चाल नीट डोळ्यांसमोर आणू. चेंडू त्याच्याकडे येतो. तो टच लाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेजवळ, चेंडू थांबवतो, पायाखाली पूर्ण थांबवतो. लेफ्ट बॅक दोन पावलांवर येऊन उभा राहतो. आता दोघंही स्थिर. गॅरिंचा खांदा आणि कंबर डावीकडे, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला झुकवतो. उजवा पाय चेंडूवरून आत नेतो, पण चेंडूला हात काय, बोटही लावत नाही. चेंडू तिथेच. लेफ्ट बॅक हलला नाही, तर तो हेच पुन्हा करतो. पुन्हा हलला नाही, तर पुन्हा. कधीतरी त्या बचावपटूचा एक पाय जड होतो, शरीराचं वजन त्याच्यावर जातं. त्याच क्षणी चेंडू उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं पुढे सरकतो आणि गॅरिंचा गेलेला असतो. पहिल्या तीन-चार यार्डांत त्याच्याइतका वेग फार कमी खेळाडूंकडे होता, आणि ड्रिबलमध्ये तेवढेच यार्ड लागतात.

म्हणजे तो कुठून जाणार, हे गुपित नव्हतंच. कधी जाणार, हे गुपित होतं. आणि ते आधीपासून ठरलेलं नसायचं, त्यामुळे कुणाला ताडताही यायचं नाही. तो क्षण समोरच्या माणसाच्या पायावरून ठरायचा. मुलांना शिकवताना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते. बचावपटूचं वजन ज्या पायावर आहे, तो पाय त्याला लगेच उचलता येत नाही. त्या अर्ध्या सेकंदात तुम्ही निघालात, तर तो तुमच्यापेक्षा वेगवान असला तरी मागे पडतो. ते वजन सरकेपर्यंत वाट बघणं हीच खरी कठीण गोष्ट आहे. चेंडू पायात, हजारो लोक ओरडताहेत, मागून दुसरा बचावपटू धावत येतो आहे, आणि अशा वेळी उभं राहायचं! बहुतेक विंगर घाईनं हलतात. गॅरिंचा उभा राहायचा. मला त्याच्या खेळात सर्वात जास्त अचंबा वाटतो तो या धीराचा.

पुरावा हवा असेल, तर 1958 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना बघा. 29 जून, स्टॉकहोमजवळचं रासुंदा मैदान, समोर यजमान स्वीडन. चौथ्याच मिनिटाला लिडहोल्मनं स्वीडनला पुढे नेलं. ब्राझीलनं या स्पर्धेत तोवर एकदाही पिछाडी पाहिली नव्हती. नवव्या मिनिटाला गॅरिंचा उजव्या बगलेवरून स्वीडनचा लेफ्ट बॅक आक्सबोमला मागे टाकून गोलरेषेपर्यंत गेला आणि तिथून जमिनीलगत जोरदार चेंडू आत दिला. ब्राझीलचा आघाडीवीर वावानं धावत येऊन गोल केला. बत्तिसाव्या मिनिटाला तीच बगल, तोच लेफ्ट बॅक, तसाच चेंडू, पुन्हा वावा. दोन्ही गोलांची चित्रफीत शेजारी शेजारी लावली, तर एकच गोल दोनदा दाखवताहेत असं वाटतं. आक्सबोम काही कच्चा खेळाडू नव्हता. पहिल्या गोलनंतर काय येणार आहे, हे त्याला नक्की ठाऊक होतं. ठाऊक असूनही उपयोग झाला नाही. ब्राझील 5-2 नं जिंकला, आणि सतरा वर्षांच्या पेलेनं केलेल्या दोन गोलांमुळे हे आधीचे दोन गोल लोकांच्या आठवणीतून मागे पडले. मला त्याचं वाईट वाटतं.

प्रश्न : 1958 मध्ये मानसशास्त्रज्ञानं गॅरिंचाला 'खेळण्यास अयोग्य' ठरवलं होतं का? आणि पहिल्या दोन सामन्यांत त्याला बाहेर का बसवलं?

हो, झालं होतं असं. ब्राझीलनं त्या स्पर्धेसाठी जुआंव कार्व्हालायस हे मानसशास्त्रज्ञ संघासोबत नेले होते. त्यांनी खेळाडूंच्या लेखी आणि चित्रांच्या चाचण्या घेतल्या. पेलेबद्दल निष्कर्ष निघाला, की हा अजून बालिश आहे. गॅरिंचाचे गुण तर फारच कमी आले. दोघांनाही खेळवू नये, असा सल्ला होता. प्रशिक्षक व्हिसेंते फेओला यांनी शेवटी तो मानला नाही, हे जगाचं नशीब.

गिरणीगावात वाढलेल्या, शाळा धड न पाहिलेल्या माणसासमोर कागद-पेन्सिल ठेवून त्याची लायकी ठरवायची, यात मला शास्त्रापेक्षा त्या काळातल्या शहरी माणसाचा गरिबाकडे बघण्याचा दृष्टिकोन जास्त दिसतो. बचावपटूच्या पायावरचं वजन वाचणारी बुद्धी कुठल्या कागदावर उमटणार?

बाहेर बसवण्याचं कारण म्हणून एक किस्सा सांगितला जातो. स्पर्धेआधी इटलीत फिओरेंतिनाविरुद्ध सराव सामना झाला. त्यात गॅरिंचानं बचावपटूंना आणि गोलरक्षकालाही चकवलं, समोर रिकामा गोल होता, तरी तो थांबला. धावत आलेल्या बचावपटूला आणखी एकदा चकवून मग त्यानं चेंडू आत नेला. संघातल्या लोकांना हा बेजबाबदारपणा वाटला. पण त्याची शिक्षा म्हणून त्याला वगळलं, हे मला पटत नाही. फ्लामेंगो क्लबचा जोएल त्या वेळी उजव्या बगलेवर रीतसर पहिली पसंती होता आणि मागे येऊन बचावाला हातभार लावायचा. सावध प्रशिक्षक त्यालाच निवडणार.

ऑस्ट्रियाला 3-0 नं हरवलं, पण इंग्लंडविरुद्ध 0-0. तिसरा सामना सोव्हिएत संघाशी, 15 जूनला योतेबोर्गमध्ये. गोलमध्ये लेव याशिन. आता गॅरिंचा आणि पेले दोघंही संघात आले. सामना सुरू झाला आणि चेंडू थेट गॅरिंचाकडे गेला. त्यानं कुझ्नेत्सोव्हला चकवलं आणि मारलेला फटका गोलखांबावर आदळला. अजून एक मिनिटही झालं नव्हतं. पाठोपाठ पेलेचा फटकाही गोलच्या चौकटीवर. तिसऱ्या मिनिटाला दिदीच्या पासवर वावाचा गोल. फ्रेंच पत्रकार गाब्रिएल हानो यांनी या तीन मिनिटांना फुटबॉलच्या इतिहासातली सर्वोत्तम तीन मिनिटं म्हटलं. सामना 2-0 नं जिंकला आणि मग जोएलला जागा परत मिळाली नाही.

प्रश्न : पेले मोठा की गॅरिंचा? एका शब्दात उत्तर द्या.

पेले. गोल, सातत्य, दोन्ही पाय, डोकं, दीर्घ कारकीर्द, सगळ्यात तो पुढे. पण एक गोष्ट जोडू द्या. हे दोघं ब्राझीलसाठी एकत्र 40 सामने खेळले आणि त्यातला एकही हरले नाहीत. पहिला मे 1958 मध्ये बल्गेरियाविरुद्ध, शेवटचा जुलै 1966 मध्ये, तोही बल्गेरियाविरुद्धच. त्या शेवटच्या सामन्यात दोघांनीही फ्री किकवर एकेक गोल केला.

प्रश्न : 1962 च्या उपांत्य सामन्यात त्याला मैदानाबाहेर काढलं होतं. मग तो अंतिम सामना कसा खेळला? नियम नव्हता का?

आजच्यासारखा नियम नव्हता. बाहेर काढलं की पुढचा सामना आपोआप बंद, अशी व्यवस्था तेव्हा नव्हती. प्रत्येक प्रकरण शिस्त समितीसमोर जायचं आणि समिती ठरवायची.

पार्श्वभूमी अशी. चिलीतल्या त्या स्पर्धेत दुसऱ्याच सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध पेले जायबंदी झाला. त्याच्या जागी आलेला अमारिल्दो चांगलाच खेळला, पण संघ खांद्यावर घेतला तो गॅरिंचानं. वीन्या देल मारला इंग्लंडविरुद्ध उपांत्यपूर्व सामना झाला. त्यात झागालोच्या कॉर्नरवर त्यानं उंचपुऱ्या इंग्लिश बचावपटूंमधून उडी घेऊन डोक्यानं गोल केला. हा माणूस 5 फूट 7 इंचांच्या आसपास होता! नंतर त्याची फ्री किक गोलरक्षक स्प्रिंगेटच्या हातून सुटली आणि वावानं गोल केला. मग तिसरा गोल, पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून, वळणदार. बगलेवरून निसटण्यापलीकडे याला काही येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा सामना मुद्दाम बघावा. त्याच सामन्यात मैदानात एक कुत्रा शिरला होता आणि जिमी ग्रीव्ह्जनं हातापायांवर रांगत त्याला पकडलं, तेही दिसेल.

उपांत्य सामना यजमान चिलीशी, 13 जूनला सांतियागोत. गॅरिंचाचे दोन गोल, एक डाव्या पायानं आणि एक डोक्यानं. वावाचे दोन. ब्राझील 4-2. सबंध सामनाभर त्याच्या पायांवर लाथा बसत होत्या. शेवटची काही मिनिटं राहिली असताना त्यानं एलादिओ रोहासला लाथ मारली आणि पेरूचे पंच यामासाकी यांनी त्याला बाहेर काढलं. मैदान सोडताना प्रेक्षकांतून काहीतरी फेकलं गेलं, ते त्याच्या डोक्याला लागलं आणि रक्त आलं.

त्यानंतर पडद्याआड बरंच काही हललं. तो प्रकार पाहणारे उरुग्वेचे सहायक पंच मारिनो समितीसमोर आलेच नाहीत, ते चिलीतून निघून गेले होते. समितीनं गॅरिंचाला बंदी घातली नाही. हे न्यायाला धरून झालं असं मी म्हणणार नाही. लाथ ती लाथ. पण वर्षानुवर्षं ज्याच्या पायांवर घाव घालून त्याला थांबवायचा प्रयत्न झाला, त्यानं एकदा उलट लाथ मारली, आणि नोंद तेवढीच राहिली, हेही मला खुपतं.

17 जूनचा अंतिम सामना तो अंगात ताप घेऊन खेळला. त्या दिवशी त्याच्याकडून फार काही झालं नाही. पण चेकोस्लोव्हाकियाचे दोन-दोन खेळाडू त्याच्याभोवती राहिले आणि इतरांना जागा मिळाली. 3-1. स्पर्धेत त्याचे 4 गोल झाले.

प्रश्न : मी अकरावीत आहे. गॅरिंचा दारूमुळे संपला असं आमचे सर म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

तुझ्या सरांचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. दारूनं त्याचा जीव घेतला. 20 जानेवारी 1983 ला रिओमध्ये तो गेला, तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होता, आणि यकृत निकामी झालं होतं. दारूपायी त्यानं आपल्या माणसांनाही फार दुःख दिलं. एप्रिल 1969 मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात त्याची जोडीदार, प्रख्यात गायिका एल्झा सोआरेस हिच्या आईचा जीव गेला. हे सगळं झाकून त्याचं गुणगान करणं मला योग्य वाटत नाही.

पण खेळाडू म्हणून तो संपला तो गुडघ्यांमुळे. वाकड्या पायांवर सगळा भार गुडघ्यांत एकवटायचा, त्यात दर आठवड्याला लाथा. 1962 च्या विश्वचषकानंतर गुडघा सुजायला लागला. त्या वेळी त्यानं सहा महिने पाय खाली ठेवलाच नसता, तर कदाचित चित्र वेगळं असतं. पण बोटाफोगो सतत परदेश दौऱ्यांवर असायचं आणि तिथल्या आयोजकांना पोस्टरवरचा गॅरिंचा मैदानात हवा असायचा. तो खेळला नाही, तर क्लबला मिळणारी रक्कम कमी व्हायची. म्हणून इंजेक्शन द्यायचं आणि उतरवायचं. अखेर सप्टेंबर 1964 मध्ये शस्त्रक्रिया झाली, तोवर उशीर झाला होता. तो परतला, पण पहिल्या तीन-चार यार्डांतला तो वेग काही परतला नाही. मघाशी सांगितलेली चाल आठव. तो वेगच काढून घेतला, तर उरतं काय?

आता पैशाचं बघ. त्या काळात ब्राझीलमध्ये 'पासे' नावाची पद्धत होती. करार संपला, तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच. क्लबनं विकल्याशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे. म्हणजे करारावर घासाघीस करायची, तर खेळाडूच्या हातात काही नाही. गॅरिंचा कोऱ्या करारावर सही करायचा आणि आकडा क्लब भरायचं. लोक हे त्याच्या भाबडेपणाचं उदाहरण म्हणून सांगतात. मी विचारते, आकडा भरणाऱ्यांना काय म्हणायचं? दोनदा विश्वविजेता झालेल्या, ज्याच्या नावावर क्लब जगभर फिरत होता, त्या खेळाडूला संघातल्या कितीतरी जणांपेक्षा कमी पगार होता. ही पद्धत ब्राझीलमध्ये मोडीत काढणारा कायदा झाला तो 1998 साली. पेले क्रीडामंत्री असताना त्याची सुरुवात झाली, म्हणून तो पेलेच्याच नावानं ओळखला जातो. गॅरिंचा जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

1966 मध्ये बोटाफोगोनं त्याला कोरिंथियन्सला विकलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या विश्वचषकात त्याला नेलं, खरं तर न्यायला नको होतं. 15 जुलैला हंगेरीनं ब्राझीलला 3-1 नं हरवलं. राष्ट्रीय संघातून तो 50 सामने खेळला, त्यातला हा शेवटचा, आणि हरलेला एकमेव. पुढे थोडे दिवस फ्लामेंगो, मग 1972 मध्ये रिओचा छोटा क्लब ओलारिया. ओलारियाच्या मैदानावर लोक गर्दी करायचे, त्याला एकदा तरी ती चाल करताना बघायला मिळेल म्हणून. डिसेंबर 1973 मध्ये माराकानावर त्याच्या मदतीसाठी निरोपाचा सामना झाला, तेव्हा 1,30,000 हून अधिक लोक आले होते. लोकांचं प्रेम कधीच कमी नव्हतं. पण गुडघ्याची आणि कराराची काळजी घेणं हे प्रेक्षकांच्या हातात नसतं. ते ज्यांच्या हातात होतं, त्यांनी घेतली नाही. सरांना हेही सांग, आणि ते काय म्हणाले ते मला कळव.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे, उजव्या विंगवर खेळते. चेंडू मिळाला की तिला समोरच्याला चकवायचंच असतं. तिचे प्रशिक्षक सतत 'पास दे' म्हणून ओरडतात. तिनं ऐकावं का?

ऐकावं, पण सगळं नाही. प्रशिक्षकांशी वाद घालू नका, एकदा शांतपणे विचारा, की तिनं मैदानाच्या कुठल्या भागात चकवलेलं चालेल. चांगला प्रशिक्षक याचं उत्तर देतो. आपल्या गोलजवळ चेंडू गमावला तर गोल खावा लागतो, तिथे पास हाच मार्ग. समोरच्याच्या कॉर्नरच्या बाजूला, एकास एक अशी गाठ पडली असेल, तर तिला जाऊ द्यायलाच हवं. बारा वर्षांच्या मुलीचा चेंडू दहापैकी सात वेळा हिसकावला गेला, तरी काही बिघडत नाही. उरलेल्या तीन वेळांतून ती शिकते.

घरच्या घरी एवढं करून बघा. तिच्यासमोर उभ्या राहा. चेंडू तिच्या पायाशी, पूर्ण स्थिर. तिनं तुमच्या पायांकडे बघायचं आणि तुमचं वजन एका पायावर गेलं की फक्त हात वर करायचा. चेंडू हलवायचाच नाही. मुलांना आधी हे कंटाळवाणं वाटतं, मग त्यांना ते दिसायला लागतं. एकदा दिसलं की चाल आपोआप येते. वेगवेगळ्या ढीगभर चाली शिकवू नका. एक द्या, आणि ती थांबून करायला शिकवा. आणि हो, चकवून झाल्यावर मान वर करून क्रॉस, म्हणजे बगलेवरून गोलसमोर चेंडू, द्यायलाही. गॅरिंचाची ती बत्तिसाव्या मिनिटाची धाव वावापर्यंत चेंडू पोचला म्हणून लक्षात राहिली.

प्रश्न : आजचे ब्राझिलियन विंगर उलट्या बाजूला का खेळतात? व्हिनिसियस उजव्या पायाचा, पण डावीकडे. राफिन्या डाव्या पायाचा, पण बरेचदा उजवीकडे.

कारण आज विंगरकडून गोल हवे असतात. उलट्या बाजूला असलं, की आत वळल्यावर चेंडू थेट चांगल्या पायावर येतो आणि फटका मारता येतो. बाहेरून पळून क्रॉस द्यायचं काम आता बरेचदा मागून येणारा फुल बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, करतो. गॅरिंचाच्या काळात गोलजवळ दोघं-तिघं आघाडीवीर उभे असायचे, म्हणून बगलेवरून आत दिलेल्या चेंडूला अर्थ होता. पण व्हिनिसियस डाव्या बगलेवर चेंडू घेऊन स्थिर उभा राहतो आणि समोरचा आधी हलण्याची वाट बघतो, तेव्हा तो काय करतोय हे मला लगेच ओळखू येतं.

प्रश्न : तुमचं वाचून 1958 चा अंतिम सामना बघितला. 7 नंबरचा खेळाडू डावीकडे खेळताना दिसला! गॅरिंचा डावीकडे होता का?

नाही, तो झागालो. त्या स्पर्धेत ब्राझीलच्या क्रमांकांची सगळी सरमिसळ झाली होती. गोलरक्षक गिल्मारच्या पाठीवर 3 होता, झागालोच्या 7, आणि गॅरिंचाच्या 11. 7 नंबर त्याला 1962 मध्ये मिळाला. आता पुन्हा बघाल, तेव्हा उजव्या बाजूचा 11 शोधा आणि नवव्या मिनिटापासून सुरू करा.